भोंग्याची वायर

पंधरा ऑगस्ट त्या वर्षी रविवारी आला.
सातला मी शाळेच्या ओट्यावर,
झेंड्याच्या घडीत कण्हेरीच्या पाकळ्या भरत होते.
गाठ अशी हवी की एका हिसक्यात सुटावी
आणि हिसका बसेपर्यंत सुटू नये.
वीस वर्षं गावात ही गाठ मीच मारते.
मला ती बाबांनी शिकवली होती, बाजेच्या सुतळीवर,
मुरमुऱ्याची परात मध्ये ठेवून.

सव्वानऊला आमच्या टिनाच्या चर्चात पोचले
तेव्हा चपलेला मैदानाचा काळा चिखल,
पदराला कागदी तिरंगा टाचलेला.
तो काढावा की राहू द्यावा?
पायपुसण्यावर मी उगाच जास्त वेळ पाय घासले.

पाळक म्हणाले, देशासाठी प्रार्थना करू.
ती कोण करणार हे ठरलेलंच.
हवालदार अमोस खंडारे, डावा कान तोफेनं नेलेला,
तुराट्या मोडाव्या तसे गुडघे वाजवत उठले.
आधी आपले. नावानिशी.
निंबाजी, गुरमेल, कोंडिबा, थापा आडनावाचे दोघं.
मग नेहमीसारखे थांबले
आणि नेहमीसारखंच म्हणाले,
"देवा, अन् त्या पल्याडच्या पोराची माय.
ज्याच्या खिशात फुटाणे होते.
थे जिती असंन त तिले झोप दे."

आम्हाला सवय होती.
पण नवा भोंगा त्याच आठवड्यात बसला होता,
तोंड बसस्टँडकडे.

दुपारी अंगणात मोटरसायकली.
पोट्टे सगळे माझ्याच वर्गातले.
मयूर धोटे, ज्याला चौथीत भागाकार येईना
म्हणून मी सुट्टीत थांबवून घेत असे,
माझ्याकडे न बघता म्हणाला,
"काका, दुश्मनाच्या मायसाठी? आजच्या दिवशी?"
मागून कोणीतरी,
"यायचा देवच भायेरचा."

बाबांना अर्धंच ऐकू आलं. अर्धं पुरलं.
"हा झेंडा म्या चार पेट्यांवरून उचलला, पोरा.
घडी करतानी बोटाले गार लागते तो.
तुले नाही मालूम."

गाड्या गेल्या. मला वाटलं, जिंकलो.
बाबा तिथंच उभे, चिखलातल्या टायरच्या खुणांकडे बघत.
"हे नोतं सांगाले पायजे," म्हणाले,
"त्या पेट्या काय भांडाले होत्या?"

रात्री बल्बभोवती किडे, सोयाबीनच्या शेतातून बेडूक.
उंबऱ्यावर बसून, मधेच,
"गोळी मारली तवा प्रार्थना नाही केली.
प्रार्थना करतो तवा गोळी आठवते.
पहारा कोनाचा करत होतो म्या, सुवार्ता?
देशाचा, थे मले पाठ हाये.
त्याच्या वरचा सायेब कोन, थे विचारून रायलो."

मी शिक्षिका.
मी म्हटलं, दूध निवतंय, प्या.

पुढच्या रविवारी पाळकांनी भोंग्याची वायर काढून
वेटोळं करून दानपेटीवर ठेवली.
कोणी काही बोललं नाही.
बाबांना सांगितलं नव्हतं,
सांगूनही फरक पडला नसता,
बहिऱ्या माणसाचा आवाज टिनाला पुरून उरतो.

आपले. नावानिशी.
मग थांबले.
बाहेर रस्त्यावर एका गाडीचं इंजिन बंद झालं.
"अन् त्या पल्याडच्या..."

माझी बोटं पदराच्या टोकाला गाठ मारत होती,
तीच, एका हिसक्यात सुटणारी.
आमेन सगळ्यांनी म्हटलं.
मी म्हटलं का,
आठवत नाही.